मालक कसा बदलायचा, हे पोरांना जाण्याआधी सांगा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली



मी या भागातल्या एका आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक आहे. पत्र आपणा दोघांना मिळून एकच लिहितो आहे, कारण माझ्या वर्गात जिवतीचा मुलगा आणि अहेरीचा मुलगा शेजारी बसतात, आणि परीक्षा झाली की दोघांच्या मोबाइलवर एकच मेसेज येऊन पडतो. सौदी, कतार, दुबई. पाइप वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन. राहणे कंपनीचे, दोन वर्षांचा करार, इंटरव्ह्यू नागपूरला. मुले तो मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. पगार किती, ओव्हरटाइम मिळतो का, सुट्टी कधी, हे सगळे विचारतात. तिकडच्या उन्हाचेही विचारतात, पण चंद्रपूरचा मे महिना काढलेल्या पोराला उन्हाची भीती फारशी नसते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पगार थकला, कबूल केलेले काम दिलेच नाही, माणूस म्हणून वागवले नाही, तर तिथल्या तिथे ती कंपनी सोडून दुसरी धरता येते का? येत असेल तर कधी, कोणाकडे अर्ज करून, किती दिवसांची नोटीस देऊन?

या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत याचे उत्तर कोणत्या सरकारी टेबलावर मिळते, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

इथे नोकरी बदलणे ही काही मोठी गोष्ट नाही. घुग्घुसच्या ठेकेदाराशी पटले नाही तर पोरगा आठवडाभरात गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात शटडाउनचे काम धरतो. मागचा हिशेब बुडतो कधीकधी, शिवीगाळ होते, पण त्याला कोणी बेकायदा ठरवत नाही. परदेशात कामाच्या व्हिसावर गेलेल्या माणसाचे तसे नसते. त्याचा त्या देशात राहण्याचा परवानाच नोकरीला बांधलेला असतो. आखाती देशांत या व्यवस्थेला कफाला म्हणतात आणि मालकाला कफील. कफिलाच्या नावावर व्हिसा निघतो, त्याच्याच नावावर इकामा, म्हणजे तिथले ओळखपत्र. नोकरी गेली की इकाम्याचा पाया जातो. आणि कफिलाने कामगार पळून गेल्याची नोंद केली, सौदीत तिला हुरूब म्हणतात, की कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस पोलिसांनी धरण्याजोगा होऊ शकतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे सांगतो. नाव, गाव, कंपनी काहीच लिहीत नाही. पोरगा हाताचा पक्का. त्याने मुंबईला सिक्स-जी टेस्ट दिली होती. या टेस्टमध्ये पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला असतो, तो फिरवता येत नाही. वेल्डरनेच वाकून, मान तिरपी करून, खालून-वरून सगळ्या बाजूंनी रूट पास मारायचा असतो. त्याचा जोड एक्स-रेत स्वच्छ निघाला होता. कराराचा कागद त्याने मला दाखवला तो निघण्याच्या आदल्या आठवड्यात. दोन रकाने होते, एकात अरबी, दुसऱ्यात इंग्रजी, आणि तळाला त्याची देवनागरीतली सही. सही आधीच झाली होती. इंग्रजी रकान्यात पाइप वेल्डर लिहिले होते. तिकडे उतरल्यावर इकामा हातात आला त्यावर धंदा मजूर असा छापलेला, आणि काम पाइप उचलून ठेवण्याचे. तरी तो थांबला, कारण घरी कर्ज होते. मग पगार थांबला. एक महिना, दोन महिने, चार महिने. शेवटी कॅम्पमधल्या एकाच्या ओळखीने तो दुसऱ्या शहरात रोजंदारीवर वेल्डिंगला गेला. पंधरा दिवसांत कंपनीने हुरूब लावला. पुढे तो पकडला गेला, डिपोर्टेशन सेंटरमध्ये राहिला, परत आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि पुन्हा सौदीत पाय ठेवायची बंदी घेऊन. मला भेटला तेव्हा पहिले वाक्य हेच बोलला, "सर, मी पळालो नव्हतो जी. पगारच देत नव्हते."

यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट मला नंतर कळली. सौदी अरेबियाने १४ मार्च २०२१ पासून नियम बदलले आहेत. सलग तीन महिने पगार मिळाला नाही तर कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीत बदली मागता येते. कंपनीने आल्यापासून तीन महिन्यांत करार सरकारी प्रणालीत नोंदवला नाही, तरीही येते. इकाम्याची मुदत संपून कंपनीने तो नवा केला नाही, तरीही येते. आणि काही तक्रार नसली तरी एक वर्ष पूर्ण झाल्यावर ठरलेली नोटीस देऊन येते. हे सगळे किवा नावाच्या सरकारी पोर्टलवर होते. माझा विद्यार्थी चार महिने बिनपगारी बसला होता. पहिल्या तीन महिन्यांनंतर तो किवावर अर्ज करू शकत होता, दुसऱ्या कंपनीत राजरोस जाऊ शकत होता, वेल्डर म्हणून. त्याला हे माहीत नव्हते. दलालाने सांगितले नाही, कंपनी सांगणार नव्हती, आणि त्याला शिकवणाऱ्या आम्हा लोकांना तरी कुठे माहीत होते?

आखातातले कायदे गेल्या काही वर्षांत खूप हलले आहेत, हे इथे नीट पोहोचलेलेच नाही. आपल्याकडे अजून जुनी समजूत आहे की एकदा गेला की दोन वर्षे अडकला. बहरीनने २००९ मध्येच मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची वाट काढली. कतारने ऑगस्ट २०२० मध्ये कायदा करून जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले. दोन वर्षांपर्यंत काम झाले असेल तर एक महिन्याची नोटीस, त्याहून जास्त झाले असेल तर दोन महिन्यांची. ओमानने १ जानेवारी २०२१ पासून ना-हरकतीची अट काढली. संयुक्त अरब अमिरातींचा नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यात प्रोबेशनचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि त्या काळातही दुसऱ्या कंपनीत जायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन जाता येते. पण सगळ्यांना सगळे लागू नाही. सौदीच्या २०२१ च्या सुधारणेतून घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि शेतमजूर वगळलेले होते. वेल्डरच्या व्हिसावर जाणे आणि घरच्या ड्रायव्हरच्या व्हिसावर जाणे यात किती अंतर आहे, हे दलालाच्या मेसेजमध्ये नसते. तो सांगतो, व्हिसा आझाद आहे, तिकडे जाऊन पाहिजे ते काम करा. असा व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. ज्याच्या नावावर आलात त्याला सोडून दुसरीकडे काम केलेत की तुम्ही गुन्हेगार, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा बदलला म्हणून व्यवहार बदलतो असेही नाही, आणि हे या दोन जिल्ह्यांइतके चांगले कोणाला ठाऊक असेल? आमच्या बांबूचीच गोष्ट घ्या. कित्येक दशके इथल्या जंगलातला बांबू लीजवर कागद कारखान्याला जात होता. तोडणारे हात गावाचे, पण घेणारा एकच, त्यामुळे भाव त्याचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद गावात आला, तरी गावाला बांबू विकता येईना. का? तर वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हातात होते. परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर निघाला की तो चोरीचा. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे हक्क चालू झाला. पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करायला घेतले. त्यातही फसवणुका झाल्या, ठेकेदारांनी पैसे थकवले, हे खरे. पण एका ठेकेदाराने शेकड्याला पाडून भाव सांगितला तर दुसऱ्याला विचारता येते, एवढा फरक तर पडलाच, आणि तो फरक मजुरीत दिसला.

परदेशातल्या कामगाराचे नेमके हेच आहे. विकायला त्याच्याकडे त्याचे कसब आहे आणि घेणारा एकच आहे. मग मालक कमी पगार देईल, उशिरा देईल, ओव्हरटाइम खाईल, कारण त्याला ठाऊक असते की हा कुठे जाणार नाही. ज्याला कंपनी सोडून जाता येते, त्याच्याशी मालक नीट बोलतो. म्हणून पगाराच्या आकड्याइतकाच, माझ्या मते त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे तो सोडून जाण्याचा रस्ता. आणि मेंढ्याला दोन वर्षे जे भोगावे लागले तेच आखातातल्या कामगाराला भोगावे लागते: कायद्याने हक्क दिला, पण पुस्तक दुसऱ्याच्या हातात. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो, किवाचा पासवर्ड कंपनीच्या माणसाने स्वतःच टाकलेला असतो, कराराची प्रत त्याच्याकडे नसते. पासपोर्ट कंपनीने काढून घेणे तर दोन्हीकडे बेकायदा आहे. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. कुठल्या मालकाला तो ठेवून घेण्याचा अधिकार नाही. हे वाक्य मी आता दर बॅचला पाठ करून घेतो.

मिरची तोडायला दरवर्षी तेलंगणात जाणाऱ्या आपल्या टोळ्यांना ही गणिते तोंडपाठ असतात. ज्या टोळीने ठेकेदाराची उचल घेतली, तिला हंगामाच्या मध्यात शेत बदलता येत नाही. मोकळी गेलेली टोळी दहा शेतांवर भाव विचारून मग उतरते. परदेशात जाणाऱ्या पोराच्या डोक्यावरही उचलच असते, फक्त ती मालकाची नसते, घरची असते. कायद्याने नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरून गेलेले पैसे याच्या कितीतरी पुढचे आहेत. आईच्या बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचे सोने. असा पोरगा कंपनी वाईट निघाली तरी परत येऊ शकत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, गप्प राहणे किंवा कॅम्पमधून निघून जाणे. तिसरी वाट आहे, कायदेशीर बदलीची, आणि तीच त्याला कोणी दाखवलेली नसते.

आता एक अशी गोष्ट, जी कळल्यावर मी स्वतः चक्रावलो. वेल्डर ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो. त्यामुळे माझ्या एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात, दहावी झालेले आणि न झालेले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे सौदी, कतार, कुवेत, अमिरातीसह ठरवून दिलेल्या १८ देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. तिच्यासाठी करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो, एजंट नोंदणीकृत असावा लागतो, प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा काढावाच लागतो. दहावी झालेल्याला यातले काहीच सक्तीचे नाही. तो शिकलेला, म्हणून स्वतःची काळजी घेईल असे कायदा धरून चालतो. इंग्रजी करार दोघांनाही सारखाच वाचता येत नाही. दहावीचे सर्टिफिकेट मिळाले आणि कायद्याचे छत्र गेले, असा हा प्रकार आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दहावी झालेल्या पासपोर्टवाल्यांचीही नोंदणी सक्तीची करायचे जाहीर केले होते, पण लगेच ते स्थगित झाले आणि नोंदणी ऐच्छिक राहिली. १९८३ चा कायदाच बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवला. नवा कायदा येईल तेव्हा येईल. माझी पोरे दरम्यान विमानात बसत आहेत.

हे फक्त वेल्डर-फिटरचे दुखणे आहे असे मात्र समजू नये. ऊर्जानगरच्या, भद्रावतीच्या, वेकोलिच्या कॉलन्यांमधून शिकून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअर मुलांची मानही याच दोरीत आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर घर आवरायचे. २०२२-२३ च्या नोकरकपातीत कित्येक मराठी घरांनी हे साठ दिवस मोजले. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना दहा-दहा वर्षांहून अधिक थांबावे लागते, आणि कंपनी बदलली की त्या अर्जाची कामगार खात्याकडची पायरी बहुधा पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते. पण तिथल्या मुलाला हे सगळे पाठ असते. आपला रांगेतला क्रमांक मंजूर झालेल्या आय-१४० या ग्रीन कार्डच्या अर्जामुळे नव्या कंपनीतही टिकतो, हे तो जाणतो. नवी कंपनी अर्ज भरताक्षणी काम सुरू करता येते, ही सोय अमेरिकेच्या २००० च्या कायद्याने दिली आहे, हेही जाणतो. वकील असतो, मित्र असतात, मागच्या बॅचचे दहा जण फोनवर असतात. इंजिनिअर आणि वेल्डर दोघेही एका मालकाला बांधलेले. त्यातल्या एकाला गाठ कशी सोडायची ते माहीत आहे. दुसऱ्याला तेवढेच शिकवायचे राहिले आहे, आणि ते शिकवायला काही कोटींचा प्रकल्प लागत नाही.

जर्मनीचेही लिहितो, कारण तो रस्ता राज्य सरकारने स्वतः उघडला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचे ठरले. कल्पना चांगली आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांनी त्यात जावे असे मला मनापासून वाटते. पण तिथल्या कुशल कामगाराला पहिली दोन वर्षे मालक बदलायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांच्या आत त्या कार्यालयाला कळवावे लागते. हे दोन आठवडे चुकले तर? भाषा शिकवण्याचा खर्च परत मागणारा बाँड कंपनीने लिहून घेतला असेल तर? जर्मन भाषेच्या वर्गात व्याकरणाबरोबर हा धडाही हवा. सरकार पाठवत असेल तर सरकारने तो शिकवायला हवा.

आपण म्हणाल, हा केंद्राचा विषय आहे, जिल्हाधिकाऱ्याच्या हातात काय? कायदा केंद्राचा आहे, मान्य. पण महाराष्ट्रातले प्रोटेक्टरचे कार्यालय मुंबईत आहे. सिरोंच्याहून मुंबई हजार किलोमीटरच्या पुढे. त्या मुलाला हैदराबाद कितीतरी जवळ. गोदावरीचा पूल ओलांडला की तो तेलंगणात जातो, आणि तिथे राज्य सरकारची स्वतःची परदेशी नोकरी कंपनी आहे, टॉमकॉम नावाची. आखातात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा निर्णयही तेलंगण सरकारने २०२४ मध्ये घेतला. केरळने तर परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ मध्येच वेगळे खाते काढले. नदीच्या अलीकडचा मुलगा आणि पलीकडचा मुलगा एकाच विमानाने जातात, एकाच कॅम्पात झोपतात. संकट आले की पलीकडच्याचे सरकार त्याला ओळखते. अलीकडच्याची कुठे नोंदच नसते. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय दगावले, तेव्हा केरळचे सरकार नावानिशी यादी घेऊन उभे होते. आपल्या दोन जिल्ह्यांतले किती जण आज आखातात आहेत, ही यादी आपल्याकडे आहे का?

२०१६ साली सौदीत एका मोठ्या बांधकाम कंपनीने हात वर केले आणि सात हजारांहून अधिक भारतीय कामगार पगाराविना, काही तर जेवणाविना, कॅम्पांत अडकले. परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज यांनी तो प्रश्न हाती घेतला, राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाहला गेले, आणि सौदी सरकारने कामगारांना परतीचा व्हिसा मोफत देण्याबरोबर दुसरी नोकरी धरण्याचीही मुभा दिली. म्हणजे तेव्हा दोन सरकारांना बोलावे लागले तो हक्क आज नियमांत लिहिलेला आहे. तो वापरायला शिकवायचे काम आता जिल्ह्याचे आहे.

काय करावे, हेही लिहितो, म्हणजे पत्र फक्त गाऱ्हाणे राहणार नाही. दोन्ही जिल्ह्यांत कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे एक माणूस असा बसवा, जो पोरासमोर ई-मायग्रेट उघडून एजंटचा नोंदणी क्रमांक तपासून देईल आणि करार त्याच्या भाषेत वाचून दाखवेल. मराठी सगळ्यांना पुरत नाही. एटापल्ली-भामरागडला माडिया-गोंडी हवी, सिरोंच्याला तेलुगू. जाण्याआधीचे जे एक दिवसाचे प्रशिक्षण परराष्ट्र मंत्रालय देते, त्यासाठी मुलांनी मुंबई गाठायची आणि त्या भाड्यापायी प्रशिक्षण बुडवायचे, यापेक्षा ते चंद्रपूरच्या आणि अहेरीच्या आयटीआयमध्ये घेण्याची मागणी आपण मंत्रालयाकडे करा. दहावी झालेल्या मुलांची ऐच्छिक नोंदणी आम्ही आयटीआयमधूनच करून देऊ, आदेश फक्त द्या. आणि पोलिसांना सांगा. कायद्याला नोंदणीकृत एजंट माहीत आहे, त्याचा गावोगाव फिरणारा उपदलाल माहीत नाही. गावात मुलाखती घेणारा, पैसे रोख मोजून घेणारा आणि पावती न देणारा माणूस दिसला की त्याच्यावर कारवाई व्हायला तक्रारीची वाट पाहू नये. फसलेल्या घरचे लोक तक्रार करत नाहीत. पोरगा अजून तिकडे असतो, त्याचे काही वाईट होईल म्हणून घाबरतात.

सगळ्यात आधी मात्र एक छापील कागद काढा. देशागणिक एक, दोन्ही बाजूंनी छापलेला. या देशात नोकरी कधी बदलता येते, नोटीस किती दिवसांची, अर्ज कुठल्या ॲपवर, पगार थकला तर तक्रार कुठे, भारतीय दूतावासाचा कामगार कक्ष कुठे, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या तक्रार पोर्टलवर काय लिहायचे, पळून गेल्याची खोटी नोंद झाली तर काय करायचे. वर तारीख छापा आणि दर सहा महिन्यांनी नवा काढा, कारण हे नियम सारखे बदलतात. तो कागद आयटीआयच्या फलकावर लावा, ग्रामपंचायतीत ठेवा, आणि पोराच्या आईच्या हातातही द्या. पगार थकल्याचा पहिला फोन तिलाच येतो.

परीक्षा झाल्यावर यंदाच्या बॅचला दलालांचे मेसेज येऊ लागतील. त्याआधी एक शिबिर चंद्रपूरला आणि एक अहेरीला व्हावे, अशी माझी आपणा दोघांना कळकळीची विनंती आहे. वर्गखोली मी देतो, मुले आणि त्यांचे आई-बाप मी गोळा करतो. नियम समजावून सांगणारा अधिकारी आपण पाठवा.

आपला,
एक आयटीआय निदेशक